रोह्याच्या मिस्त्रींचं देणं

धाटावच्या एमआयडीसीत ठेकेदाराच्या हाताखाली वेल्डिंग शिकलेल्या पोराला मशीन निवडायची वेळ कधी येत नाही. मशीन ठेकेदाराचं, थ्री फेज लाइन कंपनीची. हॉट वर्क परमिट आलं की काच डोळ्यांवर घ्यायची आणि होल्डर धरायचा, एवढंच त्याचं काम. मीही तसाच शिकलो. हात बसला, उभा सांधा आणि डोक्यावरचा सांधाही जमू लागला. पण ज्या यंत्रावर आपलं पोट चालतं ते आतून कसं असतं, ते मला ठाऊक नव्हतं. ते ज्यांनी दाखवलं, ते रोह्यात मोटारी आणि ट्रान्सफॉर्मर रिवाइंडिंग करणारे एक मिस्त्री. नाव छापलेलं त्यांना आवडलं नसतं, म्हणून इथेही फक्त मिस्त्रीच म्हणतो.

धाटाव सोडून पेणला स्वतःचं काम सुरू करायचं ठरवलं, त्याचं कारण गणपतीचे कारखाने. पेण शहरात, हमरापूरला, जोह्याला घरोघरी मूर्ती घडतात. मूर्ती वाळवायला, रंगवायला, ठेवायला जागा लागते. वर्षानुवर्षं ती जागा बांबू आणि फळ्यांच्या मांडणीवर भागवली जायची. मग लोक लोखंडी मांडण्या करून मागू लागले: अँगलचा सांगाडा, वर फळ्या, शेडला बॉक्स पाइपच्या कैच्या. हे काम जागेवर जाऊनच करावं लागतं. हमरापुरातल्या एका कारखान्याच्या मालकीणबाईंनी, ज्यांना आम्ही सगळे वहिनी म्हणतो, माझ्याकडे मशीन नाही हे माहीत असूनही आगाऊ रक्कम हातात ठेवली. “भाऊ, मशीन आधी आण, मांडण्या सावकाश कर,” एवढंच म्हणाल्या. कागद नाही, सही नाही. हे पहिलं देणं.

पैसे हातात आल्यावर सल्ले सुरू झाले. कोणी म्हणे, चायनाच्या इन्व्हर्टरला हात लावू नकोस, महिन्यात जळतं. कोणी म्हणे, आता ट्रान्सफॉर्मरचा जमाना गेला, शंभर किलोचं धूड कोण उचलणार? मुंबईत नागदेवी स्ट्रीटला जाऊन आलो. दोनशे अँपिअर लिहिलेलं, खांद्याला अडकवता येईल असं आयात इन्व्हर्टर मशीन पाच आकडी रक्कम न गाठता मिळत होतं. नावाजलेल्या देशी कंपनीचं तेवढ्याच अँपिअरचं मशीन त्याच्या दुपटीहून महाग. तांब्याच्या वाइंडिंगचं देशी ट्रान्सफॉर्मर मशीन आणखी वर. आणि त्याच ट्रान्सफॉर्मरसारखं दिसणारं, त्याच रंगाचं, चाकांचं, हँडलचं दुसरं एक मशीन बरंच स्वस्त. दुकानदार दोन्हींना “हेवी ड्युटी” म्हणत होता.

मिस्त्रींकडे गेलो तो जुनं एखादं मशीन मिळतं का ते बघायला. त्यांच्या दुकानात विकायला एक मशीन होतं, नवा रंग दिलेलं. मी भाव विचारला. त्यांनी भाव सांगितला नाही. झाकण उघडलं, ब्लेड घेतलं आणि वाइंडिंगच्या टोकावरचं वॉर्निश खरवडलं. आत पांढरी तार.

“अ‍ॅल्युमिनियम आहे,” ते म्हणाले. “वीज वाहायला तांब्याच्या साठ टक्केच. तेवढ्याच जागेत तेवढाच करंट काढायला गेलास की तापणार. बारीकसारीक कामाला ठीक. तू दिवसभर दहा नंबर रॉड जाळणार. तुला हे नको.”

“मग हे विकणार कोणाला?”

“ज्याला दिवसातून चार टाके मारायचे आहेत त्याला. तेही सांगून.”

ते मशीन त्यांच्या दुकानात बरेच महिने पडून होतं, मी पाहिलंय. मला ते विकून त्या दिवशी त्यांना चांगली रक्कम सुटली असती.

मग त्यांनी जे सांगितलं ते धाटावमध्ये कोणी सांगितलं नव्हतं. अँपिअरचा आकडा एकटा वाचायचा नाही, त्याच्या शेजारी ड्युटी सायकल वाचायची. दोनशे अँपिअर, साठ टक्के, म्हणजे दहा मिनिटांतली सहा मिनिटंच मशीन दोनशेवर चालणार, चार मिनिटं त्याला थंड व्हायला द्यायची. जिथे टक्के लिहिलेलेच नाहीत तिथे दोनशेचा आकडा नुसता स्टिकर समजायचा. आणि आपल्याला मुळात दोनशे लागतात का? बारा नंबर रॉडला साठ ते नव्वद अँपिअर पुरतात, दहा नंबरला नव्वद ते एकशे तीस. मांडण्या आणि कैच्या करणाऱ्याला आठ नंबर क्वचितच लागतो. त्यांच्याकडे एक जुना टाँग टेस्टर होता. वेल्डिंग चालू असताना केबलभोवती त्याचा चिमटा अडकवला की मशीन खरोखर किती अँपिअर देतंय ते कळतं. दुरुस्तीला आलेल्या एका स्वस्त इन्व्हर्टरला त्यांनी तो लावून दाखवला. दर्शनी आकडा दोनशे, प्रत्यक्षात दीडशेच्याही आत.

इन्व्हर्टर इतका हलका का, हेही त्यांनीच उलगडलं. आपल्या घरातली वीज सेकंदाला 100 वेळा दिशा बदलते. इतक्या सावकाश चालणाऱ्या विजेला पेलायला ट्रान्सफॉर्मरला लोखंडाचा आणि तांब्याचा मोठा गठ्ठा लागतो. इन्व्हर्टर आधी त्या विजेची डीसी करतो, मग सेकंदाला हजारो वेळा ती तोडतो-जोडतो. त्या वेगाला हातात मावेल एवढा फेराइटचा ट्रान्सफॉर्मर पुरतो. वजन जातं, वीज कमी लागते, आर्क सुरळीत राहतो, पातळ बॉक्स पाइपला भोक पडत नाही. बदल्यात पोटात सर्किटचं बोर्ड येतं आणि मागे पंखा. तो पंखा हवा ओढतो तशी धूळही ओढतो. हमरापूरच्या कारखान्यात प्लॅस्टरची भुकटी, आमच्याकडे ग्राइंडरचा लोखंडी कीस, वर कोकणातला पावसाळा. “जर्मनीचं घे नाही तर चीनचं घे,” मिस्त्री म्हणाले, “लोखंडाचा कीस बोर्डावर बसला की शॉर्ट होणारच. पाल शिरली तरी होणार.”

माझा प्रश्न मात्र तोच होता, देशी घेऊ की परदेशी? त्यावर त्यांनी उत्तर न देता काम लावलं. म्हणाले, जिथे जिथे काम करणार आहेस तिथलं व्होल्टेज संध्याकाळी मोजून आण. मी मोजलं. पेण शहरात ठीक होतं. गावात दिवे लागणीनंतर काही ठिकाणी काटा 180 च्या खाली जात होता. स्वस्त इन्व्हर्टर एवढ्यावर एक तर बंद पडतो, नाही तर कमी व्होल्टेज भरून काढायला जास्त करंट ओढून स्वतःला जाळून घेतो. ट्रान्सफॉर्मरचा आर्क मंदावतो, रॉड चिकटतो, पण मशीन मरत नाही. दोन फेज मिळत असतील तर ते निवांत चालतं.

ते आकडे बघून त्यांनी स्वतःचं तांब्याचं मशीन माझ्या टेम्पोत चढवून दिलं. “हे घेऊन जा, वहिनींच्या मांडण्या कर, मग ठरव.” भाडं घेतलं नाही. वहिनींचं काम त्याच मशीनवर झालं. पुढे मी घेतलं ते देशी, तांब्याचं, जुनं मशीन, त्यांच्याच हातून नव्याने भरून. पट्टीला फायबर पेपर, वर वॉर्निश, मग भट्टीत भाजलेलं वाइंडिंग. देशी म्हणून अभिमानाने घेतलं असं मी म्हणणार नाही. त्याचा दुरुस्ती करणारा माणूस रोह्यात होता आणि आमच्या विजेला ते मानवत होतं, म्हणून घेतलं.

देशी-परदेशीबद्दल मिस्त्रींचं मत माझ्या मनात पक्कं बसलं आहे. त्यांच्या दुकानात अडवाणी-ओर्लिकॉनची पाटी असलेलं जुनं मशीन होतं. ही कंपनी 1951 मध्ये स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉनच्या सहकार्याने भारतात उभी राहिली. आज तिचं नाव अडोर वेल्डिंग. तिचं तंत्र बाहेरून आलं आणि इथल्या हातांनी ते आपलंसं केलं, असं ते आदराने सांगत. आणि ज्याला आपण सरसकट चायना म्हणून हिणवतो त्या इन्व्हर्टरच्या पोटात वीज तोडणारा-जोडणारा जो भाग असतो, तो बहुतेकदा आयजीबीटी. त्याच्या शोधाचं श्रेय बी. जयंत बालिगा यांना दिलं जातं. मद्रासमध्ये जन्मलेला, मद्रासच्या आयआयटीत शिकलेला हा माणूस अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत काम करत होता. हे मला फार उशिरा कळलं, आणि मिस्त्रींना सांगितलं तेव्हा त्यांनी ते नाव माझ्याकडून वहीत लिहून घेतलं. आजही बाजारात देशी नावाचा शिक्का आणि आत आयात बोर्ड अशी मशीनं आहेत. शिक्का वाचून देश ठरवणं मला पटत नाही.

त्यांच्या शिकवणीची खरी कसोटी लागली ती निसर्ग चक्रीवादळानंतर. 3 जून 2020 च्या दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, रोहा पार झोडपून गेलं. घरांवरचे पत्रे उडाले, कैच्या पिळवटल्या, खांब आडवे झाले. टाळेबंदीमुळे उत्तरेकडचे कारागीर गावी गेलेले. पावसाळा तोंडावर. काम करणारे हात थोडे आणि वीज नाही, कित्येक गावांत दिवसचे दिवस नाही.

माझं तांब्याचं मशीन तेव्हा कामाचं नव्हतं. त्याला चालवायला मोठा जनरेटर हवा, आणि तो झाडं पडलेल्या रस्त्यांवरून वाड्यांत नेणं अशक्य. मिस्त्रींचा निरोप आला, रोह्याला ये. साठी ओलांडल्यावर हा माणूस इन्व्हर्टरचे बोर्ड दुरुस्त करायला शिकला होता. ट्रान्झिस्टर आणायला लॅमिंग्टन रोडला जायचा, मांडीवर पिशवी घेऊन दिवा-रोहा गाडीने परत यायचा. माझ्या मावसभावाचं बंद पडलेलं आयात मशीन त्यांनी आधीच उघडून ठेवलं होतं. बोर्डावरच्या भागांचे नंबर कारखान्यातच घासून काढलेले, म्हणजे दुसऱ्या कोणाला दुरुस्त करताच येऊ नये. त्यांनी शेजारच्या चालू मशीनशी जुळवत, मोजत मोजत ते भाग ओळखले आणि बदलले. तेच मशीन, साडेसात केव्हीएचा जनरेटर आणि बारा नंबर रॉडचे पुडे घेऊन आम्ही रोह्याच्या आसपासच्या वाड्यांत फिरलो. निघताना त्यांनी होल्डरचं इन्सुलेशन तपासलं, फाटके हातमोजे काढायला लावले आणि ओल्या छपरावर कोरड्या फळीवर उभं राहूनच काम करायचं, हे माझ्याकडून वदवून घेतलं.

ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांच्याकडून घेतले नाहीत. डिझेलचा बराच भार मिस्त्रींनी उचलला आणि तो आकडा मला कधीच सांगितला नाही. मी विचारलं तर म्हणायचे, “तुझ्या मशीनचं भाडं समज.” माझं मशीन तेव्हा पेणला बंद पडून होतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

मिस्त्री आता नाहीत. त्यांच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. रोह्यात वाइंडिंग भरणारे अजून आहेत, बोर्ड उघडणारेही दोघे-तिघे तयार झालेत, त्यातला एक त्यांच्याच हाताखालचा. वहिनींची आगाऊ रक्कम मांडण्यांच्या हिशेबात फिटली. मिस्त्रींकडे हिशेब करायला काही ठेवलंच नव्हतं त्यांनी.

आज माझ्याकडे दोन मशीनं आहेत. दुकानात दोन फेजवर ते तांब्याचं, आणि बाहेरच्या कामाला एक इन्व्हर्टर, ज्याचे सुटे भाग आणि ज्याचा दुरुस्ती करणारा एका दिवसाच्या जाण्या-येण्यात सापडतो. इन्व्हर्टरचा देश मी दुकानदाराला विचारला नाही. ड्युटी सायकल विचारली, किती व्होल्टेजपर्यंत चालेल ते विचारलं, बोर्डावर संरक्षक लेप आहे का ते विचारलं, आणि पैसे देण्याआधी टाँग टेस्टर लावून पाहिला. ज्या दुकानदाराने टेस्टर लावू दिला नाही त्याच्याकडून घेतलं नाही.

पेण-रोह्याच्या बाजूला जे पोरगे आयटीआय करून किंवा ठेकेदाराकडे शिकून स्वतःचं काम सुरू करू बघतात, त्यांना एक सांगणं आहे. कर्ज काढून मशीन घेण्याआधी माझ्याकडे या. दोन्ही मशीनं आहेत. जे हवं ते आपल्या गावी घेऊन जा, संध्याकाळच्या व्होल्टेजवर, आपल्याच कामावर चालवून बघा आणि मग बाजारात जा. भाडं नाही.