शटर कुठपर्यंत होतं

ए.ए.च्या, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, बारा पायऱ्यांपैकी आठवी पायरी यादीची. दारूच्या काळात ज्यांना ज्यांना त्रास दिला त्यांची नावं लिहून काढायची, आणि नवव्या पायरीत जमेल तिथं जाऊन भरपाई करायची. माझी यादी शंभर पानी वहीत होती. पतपेढी, थोरला भाऊ, कोपऱ्यावरचा किराणावाला, दोन सुपरवायझर, बायको, मुलगी. पैशाचं सगळं फिटलं. वर्षं लागली, पण फिटलं. त्या यादीत व्यसनमुक्ती केंद्रात आमच्याकडून चित्रं काढून घेणाऱ्या बाईंचं नाव नव्हतं, कारण बाईंना मी कधी त्रास दिला नव्हता. त्यांचं देणं वेगळ्या खात्यावरचं आहे आणि ते कुठल्याच पायरीत बसत नाही.

नावं सांगणार नाही, बाईंचं नाही आणि केंद्राचंही नाही. आमच्यात नाव न सांगण्याचीच रीत आहे.

मी भोसरीच्या एमआयडीसीत टूलरूमला फिटर होतो. डाय जुळवायच्या, फिक्स्चर बसवायचं. मिलिमीटरचा शंभरावा भाग ही आमची रोजची भाषा. दारूनं घर नंतर घेतलं, आधी हात घेतला. सकाळी मायक्रोमीटर धरला की रीडिंग घेता येईना, एवढा हात हलायचा. मग पहिल्या पाळीला जाण्याआधी एक क्वार्टर, फक्त हात थांबवायला. प्यायल्यामुळे हात थरथरतात असं लोकांना वाटतं. आमचे हात दारू न मिळाल्यामुळे थरथरतात.

केंद्रातले पहिले दिवस डॉक्टरांचे होते. गोळ्या, बी-वनची इंजेक्शनं, रात्र रात्र जाग. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला फिट आलेली मी पाहिली. हे मुद्दाम लिहितोय, कारण वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम दारू तोडणं जिवावर बेतू शकतं. तिथं डॉक्टरच लागतो, चित्रकलेचं काम नाही. बाईसुद्धा नव्या माणसाला पहिलं वाक्य हेच सांगायच्या, ‘चित्रानं दारू सुटत नाही. औषध चुकवायचं नाही, ग्रुप चुकवायचा नाही. उरलेल्या वेळात माझ्याकडे या.’

त्या दर गुरुवारी यायच्या. जेजेत शिकलेल्या, आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवलेल्या, निवृत्तीनंतर समुपदेशनाचं रीतसर शिक्षण घेतलेल्या. खांद्यावर कापडी पिशवी, आणि पिशवीत मोजलेल्या कात्र्या. किती आणल्या आणि किती परत चालल्या, याची नोंद दारावर व्हायची.

पहिल्या गुरुवारी कागद समोर आला तेव्हा मी पट्टी मागितली. एक चौकोन काढला, सेंटर लाइन टाकली, चारी बाजूंना मापं लिहिली. ड्रॉइंग म्हटलं की मला तेवढंच ठाऊक. थरथरत्या हातानं रेघ वाकडी येत होती आणि त्याची मला इतकी लाज वाटत होती की मी कागद उलटा करून ठेवला. बाईंनी तो उलटून पाहिला नाही. पुढच्या गुरुवारी माझ्यापुढे ओल्या शाडूचा गोळा होता. ‘मातीवर पट्टी चालत नाही, फिटरसाहेब,’ एवढंच म्हणाल्या.

मातीला थरथर चालते. बोटं हलली की तिथं खळगा पडतो आणि तो खळगा चूक दिसत नाही. त्या दिवशी काय बनवलं आठवत नाही, पण तासभर हात लपवले नव्हते, हे आठवतं. ती माती बाईंनी सहज दिली नव्हती, हे फार नंतर कळलं. सगळं मुठीत ठेवायची सवय असलेल्याला त्या ओलं, ऐकून न घेणारं साहित्य देत. आतून सैरभैर झालेल्याला आधी पेन्सिल आणि आखलेली चौकट देत, माती मुळीच नाही. औषधाची मात्रा असते तसं हे होतं.

चौथ्या आठवड्यात त्यांनी सांगितलं, ‘दारूच्या दिवसांतली एक संध्याकाळ काढा.’

मला कुठली संध्याकाळ काढायची ते माहीत होतं. मुलगी सात वर्षांची. कासारवाडीला तिच्या मामाकडून आम्ही लुनावरून बोपोडीला घरी येत होतो. दापोडीत, हॅरिस पुलाच्या अलीकडे, एक बार होता. लुना उभी केली, तिला म्हणालो, ‘इथंच थांब, आलोच.’ ही गोष्ट मी लपवली नव्हती. बायकोला सांगितली होती, मेव्हण्याला सांगितली होती, ग्रुपमध्ये शेअरिंग करताना तर डोळ्यांत पाणी आणून सांगितली होती. दहा मिनिटं पोरीला रस्त्यावर उभं केलं, काय बाप मी! प्रत्येक वेळी दहा मिनिटंच.

कागदावर रस्ता काढला. लुना काढली, अगदी पेडलसकट. तिच्याशेजारी मुलगी, डोक्यावर रस्त्याचा दिवा, मागे बार. बारचं शटर काढायला लागलो आणि त्याच्या पट्ट्या एकेक करून आखत गेलो. बाई शेजारी येऊन बसल्या. पट्टीवर बोट ठेवून म्हणाल्या, ‘हे काय?’

‘शटर.’

‘कुठपर्यंत आहे?’

मी पाहिलं. शटर जमिनीपर्यंत होतं.

बार बंद होताना शटर खाली येतं आणि उरलेली गिऱ्हाइकं बाजूच्या दारानं बाहेर पडतात. मी आत गेलो तेव्हा नुकती दिवेलागण झाली होती. बाई पुढे एक अक्षर बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी माझ्यापुढचा पाण्याचा ग्लास थोडा जवळ सरकवला.

‘खरंच दहाच मिनिटं का हो?’ असं त्यांनी विचारलं असतं, तर माझ्याकडे उत्तर तयार होतं. अकरा वर्षं माझ्या तोंडाला खोट्याचा सराव होता. हाताला नव्हता. टूलरूमच्या हाताला ड्रॉइंगमध्ये माप बदलता येत नाही. बाईंनी मला विचारलंच नाही, शटरला विचारलं. मी त्यांचा ऋणी आहे तो या एका प्रश्नासाठी.

त्या चित्रांचे अर्थ कधी लावायच्या नाहीत. शिकायला आलेला एक मुलगा एकदा कुणाच्या चित्राकडे पाहून म्हणाला, ‘सगळं काळंय, म्हणजे डिप्रेशन असणार.’ बाई म्हणाल्या, ‘त्यांच्या हाताशी काळीच पेन्सिल होती. त्यांनाच विचार.’ रंगावरून माणूस ओळखणाऱ्यांवर माझा तेव्हापासून विश्वास नाही.

बाईंच्या या कामाला ‘आर्ट थेरपी’ म्हणतात आणि हा शब्द एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराचा, हे त्यांनीच सांगितलं. क्षय होऊन सॅनिटोरियममध्ये पडलेला असताना तो खाटेवरून चित्रं काढायला लागला, मग शेजारच्या रुग्णांनाही शिकवू लागला. १९४२ साली त्यानं हा शब्द वापरला. आपल्याकडे पुण्यात १९८६ साली अनिल आणि सुनंदा अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. त्या अनिल अवचटांच्या हातातही कायम काहीतरी असे, कधी घडीचा कागद, कधी लाकूड, कधी बासरी. रिकामा हात काय शोधतो हे आम्हा व्यसनी माणसांना कुणी सांगायला नको.

आर्ट थेरपी रामबाण आहे असा दावा मी करणार नाही. ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या ४१७ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१२ साली आले. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला दिलेल्या आर्ट थेरपीच्या गटांचा त्यात फरक दिसला नाही. बोलावलेल्यांपैकी बरेच जण गटाला फारसे गेलेच नव्हते. आजार वेगळा, माणसं वेगळी, तरी ही गोष्ट लपवणं बरोबर नाही. माझ्याबरोबर शाडू मळणाऱ्यांपैकी तिघं पुन्हा प्यायला लागले, त्यांतला एक आज नाही. त्याची चित्रं माझ्यापेक्षा कितीतरी सुंदर होती.

मुलगी बारावीत असताना मी तिला ते चित्र दाखवलं. नववी पायरी होती ती. ‘दहा मिनिटं नव्हती,’ असं म्हणालो. तिनं कागद बराच वेळ धरला. मग म्हणाली, ‘बाबा, दिवा बंद होता.’

मी दिव्याखाली पिवळा उजेड काढला होता. माझ्या हातानंही तेवढं एक माप स्वतःच्या सोयीनं बदललं होतं. तिनं कंपासपेटीतून पेन्सिल दिली आणि मी तिच्यासमोर तो उजेड काळा केला. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘आता झालं चित्र पूर्ण.’ ते आता मुलीकडे आहे.

कामावर परत रुजू झाल्यावर मी बाईंसाठी मातीकामाच्या कोरण्या केल्या, मोडक्या हॅकसॉ ब्लेडच्या, आरशासारख्या घासलेल्या. त्यांनी हातात घेऊन पाहिल्या आणि परत दिल्या. केंद्रात अशी उघडी धार चालत नाही. मग बांबूच्या आठ करून दिल्या. त्या घेतल्या. दोन वर्षांपूर्वी बाई गेल्या. कोरण्या अजून केंद्रातच आहेत. दर गुरुवारी मी शाडू भिजवायला जातो आणि निघताना आठही मोजून कपाटात ठेवतो.

नवीन बाई मात्र अजून मिळालेल्या नाहीत. वाचणाऱ्यांत कुणी निवृत्त चित्रकला शिक्षक असतील, तर त्यांनी आपल्या गावच्या व्यसनमुक्ती केंद्रात एकदा जावं. आधी तिथल्या समुपदेशकांना भेटावं, त्यांच्या हाताखाली शिकावं, कुणाच्याही चित्राचा अर्थ लावू नये. कात्र्या मोजून न्याव्यात. शाडू मी भिजवून देईन.