न मोजलेली वर्षे

महू म्हटले की मराठी माणसाच्या मनात बाबासाहेबांची जन्मभूमी उभी राहते, आणि ते योग्यच आहे. याच छावणीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डेनिस कॉम्प्टन हा इंग्रज सैनिक नोकरीला होता. आम्हा इंदूरकरांना तो ठाऊक आहे होळकर संघाचा फलंदाज म्हणून. मार्च १९४५, ब्रेबॉर्न स्टेडियम, रणजी करंडकाचा अंतिम सामना. मुंबईने होळकरांपुढे ८६७ धावांचा डोंगर ठेवला. होळकरांचे कर्णधार सी. के. नायडू. मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतके काढली आणि महूहून आलेला कॉम्प्टन दुसऱ्या डावात २४९ धावा करून नाबाद राहिला. सामना होळकर ३७४ धावांनी हरले, तरी त्या खेळीचा विषय अजून निघतो, आणि निघाला की आवाज चढतो.

मला मात्र त्याच्यातला फुटबॉलपटू अस्वस्थ करतो. तो आर्सेनलचा डाव्या बगलेचा आघाडीवीर होता. युद्ध पेटले तेव्हा एकवीस वर्षांचा. फुटबॉलपटूचे पाय भरात येण्याचे ते वय. युद्धकाळात तो इंग्लंडकडून बारा सामने खेळला, पण ते सामने अधिकृत धरले जात नाहीत. म्हणून नोंदींनुसार इंग्लंडच्या फुटबॉल संघातून तो कधी खेळलाच नाही! क्रिकेटचे बरे, रणजीतल्या धावा वहीत कायमच्या चढल्या. एकाच माणसाच्या त्याच वर्षांतला एक खेळ मोजला गेला, दुसरा वाहून गेला. हा अन्याय कुणी मुद्दाम केला नाही, पण म्हणून तो कमी बोचत नाही.

आणि हे एकट्या गोऱ्या सैनिकाचे दुखणे नव्हते. त्याच अंतिम सामन्यात २७८ धावा करणारे विजय मर्चंट आयुष्यात अवघ्या दहा कसोट्या खेळले, मुश्ताक अली अकरा. १९३६ ते १९४६ भारताला एकही अधिकृत कसोटी खेळायला मिळाली नव्हती. त्या दिवशी मैदानावर दोन्ही बाजूंना अशी माणसे होती, ज्यांची ऐन उमेद जगाच्या भांडणात खर्ची पडत होती.

कॉम्प्टनला निदान होळकरांचा संघ मिळाला. आर्सेनलमधल्या त्याच्या स्कॉटिश साथीदाराला, जिमी लोगीला, तेही नाही. एडिनबराचा हा ठेंगणा, चलाख खेळाडू जून १९३९ मध्ये आर्सेनलकडे आला आणि थोड्याच दिवसांत नौदलात गेला. लीगमधला त्याचा पहिला सामना उजाडला तो थेट १९४६ साली. उरलेल्या वर्षांत त्याने काय नाही केले! १९४८ आणि १९५३ मध्ये लीगचे विजेतेपद. २९ एप्रिल १९५० रोजी वेम्बलीवर एफए कपचा अंतिम सामना, समोर लिव्हरपूल. लोगीने बचावफळी चिरत चेंडू पुढे सारला आणि रेज लुईसने पहिला गोल केला. आर्सेनल २–० ने जिंकले. त्या दिवशी डाव्या बगलेवर कॉम्प्टन होता, फुटबॉलमधल्या आपल्या अखेरच्या हंगामात.

पुढे कॉम्प्टनचे नाव क्रिकेटमुळे गाजत राहिले. लोगीने उतारवयात लंडनच्या पिकॅडिली सर्कसला वर्तमानपत्रे विकली. स्कॉटलंडने त्याला देशाकडून खेळवले ते एकदाच, नोव्हेंबर १९५२ मध्ये, उत्तर आयर्लंडविरुद्ध. तेव्हा तो तेहतिशीला टेकला होता.