वरचे शहर, खालचे शहर

डोंगरातील शहरांची आपल्याकडील रचना सहसा ठरलेली असते. सिमला असो की दार्जिलिंग, साहेबांचे बंगले माथ्याकडे आणि कष्टकऱ्यांची दाटीवाटीची वस्ती खालच्या उतारावर. दक्षिण अमेरिकेतील ला पाझने हा क्रम नेमका उलटा केला आहे. बोलिव्हियाचा राज्यकारभार जेथून चालतो, ते हे शहर १५४८ साली स्पॅनिश लोकांनी अँडीज पर्वतातील एका खोल दरीत वसवले. दरीच्या तळाशी हवा त्यातल्या त्यात दाट आणि उबदार, म्हणून धनिकांच्या वसाहती तेथे. जसजसे वर जावे, तसतशी घरे लहान होत जातात, भिंतींवरचा गिलावा नाहीसा होतो आणि नुसत्या तांबड्या विटा उरतात. दरीच्या काठावर, सुमारे ४,१०० मीटर उंचीच्या उघड्या पठारावर, एल आल्तो हे दुसरेच शहर पसरले आहे. तेथे बहुसंख्य वस्ती आयमारा लोकांची. बोचरा वारा आणि विरळ हवा गरिबांच्या वाट्याला आली आहे.

२०१९ च्या जुलै महिन्यात, म्हणजे तेथील ऐन हिवाळ्यात, बडोद्याचे एक मराठी जोडपे पाठीवर बिऱ्हाड घेऊन या शहरात आले. आदल्याच दिवशी ते समुद्रकाठच्या लिमाहून विमानाने आले होते. शहरासाठी हाती एकच दिवस होता. रात्रीच्या बसने उयुनीच्या मिठाच्या विस्तीर्ण पठाराकडे निघायचे होते. त्याच्या वहीत पाहण्याच्या सात ठिकाणांची यादी होती. तिच्याजवळ यादी नव्हती. वाटेत कोठे बसावेसे वाटले, तर बसायचे, एवढाच तिचा बेत.

सकाळी त्यांनी सान फ्रान्सिस्कोचे चर्च पाहिले. अठराव्या शतकातील या दगडी दर्शनी भागावर ख्रिस्ती संतांच्या शेजारी येथील कारागिरांनी आपली फळे, पाने आणि चेहरे कोरून ठेवले आहेत. त्यामागच्या चढणीवर जादूटोण्याच्या वस्तूंचा बाजार भरतो. लामा या प्राण्याचे वाळवलेले भ्रूण तेथे टांगलेले असतात. नवे घर बांधताना ते पायात पुरून पाचामामेची, म्हणजे धरणीमातेची, परवानगी मागतात. भूमिपूजन करणाऱ्या देशातून आलेल्यांना यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. तरी तो क्षणभर बिचकलाच. पुढे मुरियो चौकात संसदेच्या इमारतीवरचे घड्याळ पाहिले. २०१४ साली त्याचे आकडे आणि काटे मुद्दाम उलटे करण्यात आले होते. दक्षिण गोलार्धात सूर्यघड्याळाची सावली उलट्या बाजूने फिरते. मग आम्ही उत्तरेची चाल का स्वीकारावी, असा त्यामागचा विचार. त्याने यादीतील तिसऱ्या ठिकाणावर खूण केली. त्याचे डोके ठणकत होते, पण हे त्याने तिला सांगितले नाही.

दुपारी ते आकाशपाळण्याच्या तांबड्या मार्गाने वर निघाले. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या दोरमार्गाला येथे कोणी गंमत समजत नाही. ती रोजची वाहतूक आहे. पूर्वी एल आल्तोच्या रहिवाशांना खालच्या शहरात कामाला येण्यासाठी वळणावळणाच्या रस्त्यावर गर्दीच्या गाड्यांत ताटकळावे लागे. आता तेच अंतर दहा मिनिटांत कापले जाते. पाळण्यात त्यांच्यासमोर घेरदार परकर आणि डोक्यावर गोल हॅट घातलेली एक आयमारा स्त्री बसली होती. तिच्या पाठीवर पट्ट्यापट्ट्यांच्या रंगीत कापडात मूल झोपले होते. याच वेशातील स्त्रियांना एके काळी शहरातील अनेक उपाहारगृहांत प्रवेश मिळत नसे. पाळणा दफनभूमीवरून, मग घरांच्या छपरांवरून तरंगत गेला. या उंच कड्यावरूनच १७८१ मध्ये तुपाक काटारीच्या सैन्याने खालच्या स्पॅनिश शहराला कित्येक महिने वेढा घातला होता. आणि २००३ मध्ये एल आल्तोच्या लोकांनी रस्ते रोखून धरले, तेव्हा रक्तपातानंतर राष्ट्राध्यक्षांना देश सोडावा लागला. खालच्या शहराला वरच्यांची आठवण ठेवणे भाग आहे.

वर गुरुवारचा बाजार भरला होता. जुने कपडे, मोटारींचे सुटे भाग, गोठवून आणि वाळवून काळे पडलेले बटाटे. आपल्या उपवासाला चालणारा बटाटा मूळचा याच पर्वतांतला, हे सांगायला ती वळली, तर तो एका पायरीवर डोके धरून बसला होता. त्याला उलटी झाली.

“कधीपासून दुखतंय?”

“सकाळपासून.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“सांगितलं असतं, तर तू यादी बाजूला ठेवायला लावली असतीस.”

“अरे, यादीला श्वास लागत नाही. तुला लागतो.”

तिच्या आवाजात रागापेक्षा भीती अधिक होती. समुद्रसपाटीच्या मानाने तेथील हवेचा दाब साठ टक्क्यांच्या आसपास असतो. अशा ठिकाणी साध्या डोकेदुखीकडे दुर्लक्ष केले, तर ते जिवावर बेतू शकते. शेजारच्या दुकानदारणीने कोकाच्या पानांचा गरम काढा आणून दिला. त्याचे पैसे घेतले नाहीत. मग तिने दरीकडे बोट दाखवून एकच शब्द दोनदा उच्चारला : “आबाहो, आबाहो.” खाली, खाली. विरळ हवेच्या बाधेवर खरा उपाय तोच होता.

रुपेरी, मग पिवळ्या, मग हिरव्या मार्गाने ते उतरत गेले. तो उतरणीकडे पाठ करून बसला होता, त्यामुळे मागे पडलेले सारे त्याच्या डोळ्यांसमोर होते. आयमारा भाषेत ‘नायरा’ म्हणजे डोळा, समोरची बाजू आणि भूतकाळही. ‘खिपा’ म्हणजे पाठ आणि भविष्यकाळ. जे घडून गेले ते दिसते, म्हणून ते समोर. जे यायचे ते दिसत नाही, म्हणून ते पाठीमागे. आपल्याला हे विचित्र वाटते खरे, पण आपल्याही ‘पूर्व’ या शब्दात ‘समोरचा’ आणि ‘आधीचा’ हे दोन्ही अर्थ संस्कृतातून आलेले आहेत.

विटांची घरे संपली, काचेच्या इमारती आल्या, मग बागा. इर्पावीच्या शेवटच्या स्थानकावर ते उतरले, तेव्हा एल आल्तोपासून ते सुमारे आठशे मीटर खाली आले होते. अर्ध्या तासात त्याच्या चेहऱ्यावर रंग परतला. समोर इयिमानीचे हिमशिखर सायंकाळच्या उन्हात गुलाबी होत होते. ते यादीत नव्हते.

तिने उयुनीची तिकिटे तीन दिवस पुढे ढकलली. त्याने हरकत घेतली नाही. दिवसभराचे घरकाम आटोपून पाच-सहा स्त्रिया स्थानकाकडे निघाल्या होत्या. प्रत्येकीच्या पाठीवर गाठोडे होते. त्या वर जाणाऱ्या पाळण्यात चढल्या आणि आपापसांत मोठ्याने हसत दिसेनाशा झाल्या.