नियम क्रमांक सात

8 नोव्हेंबर 2025, शनिवार

सकाळी मंडळाच्या ग्रुपवर खंजेरी भजन स्पर्धेचं पत्रक आलं. पुढच्या शनिवारी, मुकुटबनच्या बाजूच्या एका गावात. बक्षिसं वर ठळक अक्षरात आणि नियम खाली मुंगीएवढे. चष्मा लावून मोजले, चौदा भरले. मंडळात जास्तीत जास्त दहा माणसं. वेळ पंधरा मिनिटं, बाराव्या मिनिटाला पहिली घंटा. एक भजन राष्ट्रसंतांचंच हवं. सिनेमाची चाल चालणार नाही. भजन सुरू असताना श्रोत्यांनी मंचावर येऊन भेट देऊ नये. आणि सात नंबर: खंजेरी, तबला, पेटी, टाळ एवढीच वाद्यं, ढोलक चालणार नाही.

आमच्या मंडळात तबला नाहीच, जे काय आहे ते ढोलक. आमच्या झरी गावात तबला शिकवणार कोण? पोरं कापूस वेचून येतात आणि संध्याकाळी देवळात बसतात. ढोलकावर हात बसायला गुरू लागत नाही, शेजारी लागतो.

गंमत अशी की ज्यांच्या नावानं स्पर्धा, त्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना 1942 साली इंग्रजांनी नागपूर-रायपूरच्या तुरुंगात टाकलं होतं. त्यांच्या खंजेरीनं माणसं उठतात, ही सरकारला धास्ती. आता त्याच खंजेरीभोवती चौदा कलमं.

9 नोव्हेंबर

ढोलकवाल्याला पत्रक दाखवायचं कसं, हा माझा प्रश्न. त्यानं ते आधीच वाचलं होतं. म्हणाला, "गुरुजी, मले नियमाचं काय सांगता? मी आठ वर्सं ऑर्केस्ट्रा बारमदी काढले."

हे माहीत होतं, पण तो कधी बोलत नसे. आज बोलला. पनवेलच्या बाजूला एका बारमध्ये तो ऑक्टोपॅड वाजवायचा. 2005 मध्ये सरकारनं डान्स बारवर बंदी घातली तेव्हा कितीतरी ठिकाणी पाटी बदलून ऑर्केस्ट्रा आला. त्या परवान्यातली अट अशी की मंचावर आठच कलाकार, त्यात बाया चार आणि गडी चार. पाचवी गाणारी आली की ती मेकअपच्या खोलीत बसून राहायची, बारी येईपर्यंत. "पोलीस आले का गानं नाई आयकत, पैले मुंडकी मोजते."

शिवाय मालकाचे नियम वेगळे, ते कुठं लिहिलेले नसायचे. उशीर झाला की त्या दिवसाची टीप कापली. फर्माइश चिठ्ठीवर, तीही वेटरच्या हातून. गिऱ्हाइकाशी हात मिळवायचा नाही, नंबर द्यायचा नाही. मी विचारलं, हे जाचक नाही वाटलं? तर म्हणाला, "नाई जी. त्या नियमानं बाया वाचल्या. तो चार-चारवाला मात्र कोनाच्या कामाचा नोता."

18 फेब्रुवारी 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठरवलं. एकूण आठची मर्यादा राहू द्या, पण त्यात बाया किती आणि पुरुष किती हे ठरवणं बेकायदा. आमचा गडी तोवर लॉकडाऊनमध्ये गावी येऊन शेताला लागला होता.

11 नोव्हेंबर

रात्री झोप नव्हती म्हणून वादकांवरच्या नियमांबद्दलच वाचत बसलो. न्यूयॉर्कमध्ये 1940 पासून 1967 पर्यंत क्लबात वाजवायचं तर पोलिसांचं कार्ड लागे. गायिका बिली हॉलिडेचं कार्ड 1947 मध्ये गेलं. पियानोवाला थेलोनियस मंक 1951 मध्ये कार्ड गमावून बसला, आणि 1957 पर्यंत स्वतःच्याच शहरातल्या क्लबात त्याला वाजवता आलं नाही. पुढं आणखी मजा. ज्या हॉटेलांकडे कॅबरेचा परवाना नाही, तिथं वादक तीनच, आणि त्यात ढोल-ड्रम वा तुतारी-ट्रम्पेट नको. हा नियम कोर्टानं 1980च्या दशकात काढला. म्हणजे तालवाद्यावर राग आमच्याच आयोजकांचा नाही तर.

त्याच शहरातल्या कॉटन क्लबात ड्यूक एलिंग्टनचा काळा ताफा वाजवायचा आणि काळ्या गिऱ्हाइकाला दारात अडवायचे. नियम एका बाजूनं वादकाला कापतो, दुसऱ्या बाजूनं ऐकणाऱ्याला.

13 नोव्हेंबर

बाजारात पोडावरचे, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरचे, एक काका भेटले. दिवाळीतला दंडारी नाच संपला, अंग अजून दुखतं म्हणाले. गोंडांतला गुसाडी, म्हणजे दंडारीतला नाच्या, त्या दिवसांत आंघोळ करत नाही, मोरपिसांचा टोप डोक्यावर मिरवतो, आणि लोक त्याला देव मानतात. पैनगंगेपलीकडच्या कनक राजूंना याच गुसाडी नाचासाठी 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. इतका कडक नियम, पण पत्रक कुठं नाही. ज्यानं टोप घातला, त्यानंच तो स्वतःवर घेतलेला.

15 नोव्हेंबर, रात्री

परत आलो. साडेअकरा.

अकरा मंडळं. आमची बारी आठवी. ढोलकवाला बाजूला खुर्चीवर, मांडीवर बोटांनी ताल देत. स्वयंसेवकानं येऊन सांगितलं, बाहेरून साथ नको. तो हात खिशात घालून बसला. खंजेरी धाकट्या पोरानं धरली, दुसऱ्या भजनात लय सुटली ती सुटलीच. घंटा कडव्याच्या मधोमध वाजली.

भेटीचा नियम मला सगळ्यात लागला. पदराच्या गाठीला दहा रुपये बांधून म्हाताऱ्या येतात. माइकवरून नाव पुकारलं की त्यांचं वर्ष साजरं. एक आजी तरीही उठलीच. स्वयंसेवकानं हाताला धरून खाली बसवली. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं डान्स बारबद्दल म्हटलं की नोटा उधळू नका, टीप मात्र देता येईल. बारमधल्या गिऱ्हाइकाला जे चालतं ते या आजीला नाही! आमचंही नुकसान झालंच. टेम्पोचे अकराशे दरवर्षी भेटीतून निघत, आज वर्गणी काढली.

पण खरं तेही लिहितो. पूर्वी आमची बारी रात्री तीनला यायची आणि समोर परीक्षक आणि दोन कुत्री. कोणी पाऊण तास मंच सोडायचं नाही. आज घंटेमुळे पावणेदहाला अकरावं मंडळ उतरलं, दहाला भोंगा बंद, आणि बाया शेवटपर्यंत सतरंजीवर होत्या. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांना मी आजवर नावंच ठेवली. पुण्याच्या सवाई महोत्सवातल्या रात्रभराच्या बैठका त्यांच्यामुळे गेल्या हेही खरं. आमच्या भागात मात्र त्यांनी ऐकणारे परत आणले.

आम्हाला उत्तेजनार्थ. 501 रुपये, नारळ.

16 नोव्हेंबर

आयोजकांना चिठ्ठी लिहिली, खाली मंडळाच्या नऊ सह्या. दहावी ढोलकवाल्याची, तो म्हणाला, माझी नको, स्वार्थ दिसते. मजकूर एवढाच:

घंटा ठेवा. दहाची वेळ ठेवा. भेटीसाठी मंचाखाली एक ताट ठेवा आणि नावं शेवटी पुकारा. सात नंबर काढा.