पाणी आणि ठिगळ

तोरणा एकदा ढगात गेला की चार-चार दिवस दिसत नाही. तो तिथेच आहे, हे वेल्ह्यातली माणसं विश्वासावर धरून चालतात. खाली कानंदीच्या काठाने आणि ओढ्यांच्या कडेने तेरं माजलेलं असतं. त्याच्या पानावर पडलेला थेंब पसरत नाही. पाऱ्यासारखा गोळा होतो, डुगडुगतो, घरंगळतो आणि जाता जाता पानावरची धूळ घेऊन जातो. पानाच्या पाठीवर मेणाची इतकी बारीक खरखर असते की थेंबाला टेकायला जागा मिळत नाही. तो बराचसा हवेवरच बसलेला असतो. त्याच पानावर पातळ डिंकाचं बोट टेकवून पाहा. डिंकही तसाच गोळा होऊन ओघळतो.

ज्याला पाणी चिकटत नाही, त्याला ठिगळही सहसा चिकटत नाही. पावसाच्या मुलखात ही मोठीच पंचाईत आहे. अंगावर आणि घरावर असं काहीतरी हवं, ज्यावरून पाणी निथळून जाईल. पण ते फाटलं तर त्यावर ठिगळही बसायला हवं. एकाच वस्तूने नकारही द्यायचा आणि होकारही.

जुन्या लोकांनी ही पंचाईत चिकटवण्याच्या वाटेला न जाताच सोडवली होती. आवणीच्या दिवसांत दोन्ही हात चिखलात असताना छत्री धरणार कोण? म्हणून पाठीवर इरलं. बांबूच्या कामट्यांचा विणलेला सांगाडा आणि त्यात दाबून बसवलेली पानं. त्यात गोंद नाही, खळ नाही, काही नाही. पान कुजलं की उपसायचं आणि दुसरं खोवायचं.

घोंगडीची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. लोकरीचा तंतू दुतोंडी असतो. बाहेरून त्याच्यावर स्निग्ध थर असतो, तो पाण्याला हटकतो. आतला गाभा मात्र हवेतला ओलावा मुकाट पीत राहतो, स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा इतका. म्हणूनच घोंगडी पावसात जड होते, पण लगेच गळत नाही. अशा दुतोंडी, खरबरीत, केस सोडणाऱ्या सुताला मागावर शिस्तीत ठेवायचं तर त्याला काहीतरी चारायला हवं. धनगरांनी त्यासाठी चिंचोका शोधला. चिंचोके भाजायचे, टरफलं काढायची, भिजवायचे, वाटायचे, शिजवून खळ करायची आणि ती कुंच्याने ताण्यावर फिरवायची. सुटे केस धाग्याला चिकटून बसतात आणि धागा ताठ होतो. नव्या घोंगडीचा करकरीतपणा बराचसा त्या चिंचोक्याचा असतो. गुजरातेत गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाईन संस्थेने अँगोरा सशाच्या लोकरीसाठी विजेचा मार्ग काढला. ती लोकर इतकी गुळगुळीत असते की नुसत्या तिचं सूत कातताना तंतू एकमेकांवरून सटकतात. प्लाझ्मातून, म्हणजे विजेने चेतवलेल्या वायूतून, तिला नेलं की तंतूच्या पाठीवर बारीक ओरखडे उठतात आणि तंतू एकमेकांना धरू लागतात. धनगराने जे तंतूवर लेप चढवून साधलं, ते इथे तंतूचं कातडं खरवडून साधलं. मला दोन्हींत भावकी दिसते.

मग प्लॅस्टिकचा कागद आला. आधी तो इरल्यात पानांच्या जोडीला शिरला, पुढे इरल्याला हटवून थेट डोक्यावर बसला. निळा किंवा काळा, पॉलिथिनचा. इंग्लंडात 1933 साली एका प्रयोगात जवळजवळ अपघाताने सापडलेला हा पदार्थ तेऱ्याच्या पानाचा दूरचा नातेवाईक म्हणावा असाच आहे. मेणासारख्याच कर्ब-हायड्रोजनच्या साखळ्या, फक्त कितीतरी पटींनी लांब. पृष्ठभागाच्या ओढीचं एक माप असतं. कारखान्यांत ते डाईनमध्ये सांगतात. पाण्याचं ते 72 आणि पॉलिथिनचं 31 च्या आसपास. पाण्याची स्वतःशी असलेली ओढ इतकी जास्त की ते कागदावर पसरायला तयार होत नाही. गोंदाचंही तेच होतं. शिवाय नेहमीच्या तापमानाला कुठल्याही साध्या द्रावकात हा कागद विरघळत नाही. त्यामुळे कडा जरा मऊ करून सांधावं म्हटलं तर तेही जमत नाही. ज्या गुणासाठी विकत घेतला, त्याच गुणामुळे तो दुरुस्त होत नाही.

चिकटवण्यातली खरी विद्या पाहायची असेल तर पंक्चर काढणाऱ्याकडे बसावं. पाबे घाटाकडे निघालेल्या एका दुचाकीचं चाक त्याच्या पुढ्यात होतं. भोक सापडलं, पाण्यातून बुडबुडे आले, आणि मग तो नुसता घासत बसला. कानशीने ट्यूबचा चकाकता काळा रंग जाऊन राखाडी, मळकट वर्तुळ उमटेपर्यंत. मी म्हटलं, "दादा, भोक एवढंसं अन् घासताय केवढं!" मान वर न करता तो म्हणाला, "घासल्याबिगर धरत न्हाय, सर." मग सोल्यूशन लावलं, आणि पुन्हा काही नाही. गाडीवाला चुळबुळत होता. दोन मिनिटांनी याने बोटाची पाठ टेकवून पाहिली. बोटाला चिकटेना, तेव्हा ठिगळ ठेवलं आणि हातोडीने ठोकलं. साऱ्या कामात चिकटवण्याला लागला तो एक क्षण.

त्या घासण्यात दोन कामं होतात. जुनाट, तेलकट, हवेने कुजवलेला थर निघून ताजं रबर उघडं पडतं, आणि खरखरीमुळे टेकायला जागा वाढते. थांबण्यातही काम असतं. द्रावक उडून गेला नाही तर तो ठिगळाखाली कोंडतो आणि उद्या तिथूनच हवा सुटते. एसटीच्या टायरवर नवी पट्टी चढवतानाही जुना टायर आधी यंत्रावर असाच सोलून घेतात.

पॉलिथिनला मात्र कानस पुरत नाही. खरवडून खरखर येते, पण ओढ येत नाही. त्याच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन बसवावा लागतो. फिल्म बनवणाऱ्या कारखान्यात पॉलिथिनचा पट्टा हजारो व्होल्टच्या दांड्याखालून धावतो. मधल्या हवेत जांभळट ठिणग्यांचा पडदा तडतडतो, ओझोनचा उग्र वास येतो आणि तेवढ्यात पट्ट्याची वरची कातडी बदललेली असते. माप 31 वरून 40 च्या घरात जातं आणि शाई धरू लागते. दुधाच्या पिशवीवरची अक्षरं अशी टिकतात. मोटारीच्या प्लॅस्टिक बंपरला रंगाआधी ज्योत दाखवतात, तोही यातलाच प्रकार. मजा अशी, की ही मोहिनी उतरतेही. तशीच पडून राहिली तर काही आठवड्यांत फिल्म बरीचशी पहिल्या स्वभावावर जाते. छपाई वेळेत उरकावी लागते.

या मुलखात कापड आणि प्लॅस्टिक यांचं लग्न लावणारं एक मोठं नाव होऊन गेलं. भोर संस्थानात जन्मलेली भोर इंडस्ट्रीज. संस्थान 8 मार्च 1948 रोजी मुंबई प्रांतात विलीन झालं, कंपनीने भोरचं नाव पुढे चालवलं. ती रेक्झिनसारखं लेदरक्लॉथ बनवायची. सुती कापडावर पीव्हीसीचा थर, वर चामड्याची नक्षी. पीव्हीसी पॉलिथिनइतकं माणूसघाणं नसतं, आणि सुती धाग्याचे बारीक केस गरम, मऊ थरात घुसून रुततात. पण त्यासाठी मागावर लावलेली खळ आधी धुऊन काढावी लागते, नाहीतर थर कापडाऐवजी खळीलाच चिकटतो. गुळगुळीत पॉलिस्टर असेल तर केसांचा आधारच नसतो. मग मध्ये दोघांनाही ओळखणारा रासायनिक मध्यस्थ घालतात.

याच कंपनीचा एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. लेदरक्लॉथ करताना मध्ये पीव्हीसीची जी कच्ची फिल्म तयार होते, तिच्यावर अबकारी कर लागतो का? 1989 मध्ये न्यायालयाने सांगितलं की, ही फिल्म आहे त्या रूपात बाजारात विकण्याजोगी असल्याचं दिसत नाही, म्हणून कराच्या दृष्टीने तो 'माल'च नव्हे. करवकिलांना हा निकाल तोंडपाठ असतो. मला त्यातली ती फिल्म भावते. यंत्रातून बाहेर आलेली, हाताला लागणारी, डोळ्यांना दिसणारी, पण कापडाला धरेपर्यंत बाजाराच्या खिजगणतीत नसलेली.

सांधा बरा झाला की नाही, हे उपटून पाहिल्यावरच समजतं. थर स्वच्छ, नागडा निघून आला तर सांधा कच्चा. थराबरोबर कापडाचे केस उपटून आले, म्हणजे जोड सुटण्याआधी कापडच फाटलं, तर काम पक्कं. ही कसोटी महागड्या यंत्रावर घेतात. वेल्ह्याच्या एका गाडीत ती फुकट चालली होती. समोरच्या सीटचं रेक्झिन जुनं होऊन तडकलं होतं. त्याला मऊ ठेवणारं तेल केव्हाच उडून गेलं असणार. एक चारेक वर्षांचा पोरगा नखाने त्याच्या खपल्या काढत होता. प्रत्येक खपलीच्या पाठीला पांढरे सुती केस. मी वाकून पाहायला लागलो, तशी आईने त्याच्या हातावर चापट मारली, "उकरू नगो रं!" आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्याला शिकवलं होतं.