रुमालाखालचा हात

हळदीच्या सौद्यात पूर्वी भाव तोंडाने बोलत नसत. रुमालाखाली बोटे दाबली की झाला व्यवहार! भोवतालच्या गर्दीला अवाक्षर कळायचे नाही. आमचे मामा कवठे महांकाळहून सांगलीच्या पेठेत गेले ते दिवाणजी म्हणून. पहिली दोन वर्षे त्यांनी नुसती हळद पाहिली. कांडी मोडायची, आतला रंग बघायचा, वास घ्यायचा, आणि अडत्याच्या शेजारी मुकाट बसायचे. तेजी-मंदीचे शास्त्र त्याने कधी सांगितले नाही. "आज घ्यायचं न्हाई," एवढेच तो अधूनमधून पुटपुटे. मला तर निम्मी विद्या त्यातच वाटते.

मामांचा नातू मोबाइलवर एकटाच सौदे करतो. हळदीचा वायदाही २००४ पासून पडद्यावर आला आहे, पण याला हवे शेअरांचे ऑप्शन. आणि पैसे द्राक्षबागेचे! "सगळं यूट्यूबवर शिकता येतं, आजोबा." येतेही, नाही कशाला म्हणा, आकडेमोड त्याची चोख आहे. मात्र वायदे-ऑप्शन करणाऱ्या दर १०० सामान्य गुंतवणूकदारांपैकी ९३ जणांना तीन वर्षांत तोटाच झाला, असे सेबीने २०२४ मध्ये जाहीर केले. मग त्याने फी घेऊन शिकवणारा एक गुरू शोधला. मामांनी विचारले, "त्याचं पोट सौद्यावर चालतं, का तुझ्या फीवर?"

अखेर मामांनी एकच अट घातली : सौद्याआधी, का घेतोस ते मला तोंडी सांगायचे. गेल्या आठवड्यात पोराने तीन दिवस काहीच घेतले नाही. आजोबांना सांगण्याजोगे कारण सुचले नाही, म्हणे.