पाय आधी, काठी नंतर

रंकाळ्याच्या काठावर संध्याकाळी 7 वाजता चांगली वर्दळ असते. भेळेच्या गाड्या, कणसं भाजणाऱ्या बायका, फिरायला आलेली म्हातारी माणसं. त्या वर्दळीतून 42 वर्षांची एक बाई घराकडे निघाली होती. रस्ता ओलांडून ती गल्लीत वळली आणि मागून मोटारसायकल आली. मागे बसलेल्या पोराने गळ्यात हात घातला, मंगळसूत्र तुटलं, गाडी कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली. सगळं मिळून 3-4 सेकंद. समोरच्या दुकानदाराने नंतर विचारलं, "वहिनी, वरडला का न्हाईसा?" तिच्याकडे उत्तर नव्हतं. तोंड उघडलं होतं. आवाज काही फुटला नव्हता.

ती बाई म्हणजे मीच. पण ही हकिकत ‘मी’ म्हणून सांगायला बसले की दर चार ओळींनी एकतर फुशारकी शिरते, नाहीतर रडगाणं. म्हणून इथून पुढे ती ‘ती’च राहील.

तिची आठवीतली मुलगी पेठेतल्या एका तालमीत मर्दानी खेळ शिकायला जायची. मुलीला सोडायचं, तास-दीड तास पायरीवर बसून मोबाइल चाळायचा आणि तिला घेऊन परतायचं, हा तिचा शिरस्ता. मंगळसूत्र गेल्यावर पंधरवड्याने वस्ताद पायरीपाशी आले. साठी उलटलेला माणूस, आवाज खर्जातला. म्हणाले, "वहिनी, नुसतं बसून ऱ्हाण्यापरीस काठी तरी धरा की." पोरी हसल्या. तिने ओढणी कमरेला खोचली आणि रांगेत सगळ्यात मागे जाऊन उभी राहिली.

कोल्हापुरात तालीम ही काही अपूर्वाईची गोष्ट नाही. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, 1912 साली खासबागेचं मैदान उभं राहिलं आणि पेठापेठांत लाल माती रुजली. त्या मातीच्या शेजारीच लाठीकाठी, फरीगदगा, बनेटी, विटा, भाला, तलवार, दांडपट्टा हे खेळ टिकले. ‘खेळ’ हा शब्द फसवा आहे. मुळात ही लढाईची उजळणी. 1878 च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी लोकांच्या हत्यारांवर बंधनं आणली. लाकूड आणि चामडं तेवढं हातात उरलं. तलवारीचे वार लोकांनी काठीवर आणि गदग्यावर जिवंत ठेवले. दांडपट्ट्याला महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये राज्यशस्त्राचा मान दिला, तेव्हा पेठेत पेढे वाटले गेले. त्या संध्याकाळीही वस्तादांनी नव्या पोरींच्या हाती पट्टा मात्र दिला नव्हता.

तिलाही पहिले 8 दिवस काठी मिळालीच नाही.

मिळाले ते पाय. पवित्रा घ्यायचा म्हणजे पाय खांद्याएवढे फाकवायचे, गुडघे किंचित मोडायचे, एक पाय पुढे. पुढे जाताना पुढचा पाय आधी, मागे येताना मागचा आधी, बाजूला सरताना ज्या बाजूला जायचं तो आधी. एका पायावरून दुसरा कधीही ओलांडायचा नाही. ऐकायला हे सोपं वाटतं. ती मात्र दर तिसऱ्या पावलाला पायांची कात्री करायची आणि वस्ताद दोन बोटांनी खांद्याला हलकाच धक्का द्यायचे. ती धडपडायची. पाय नीट असले की त्याच धक्क्याने काही होत नसे. चौथ्या दिवशी तिने वैतागून विचारलं, काठी कधी? उत्तर आलं, "पाय आधी, काठी नंतर. पळायला बी पायच लागत्यात."

दांडपट्टा पाहिला की या हट्टाचं कारण कळतं. पट्ट्याचं लवलवतं पातं मुठीत धरायचं नसतं. हात पार कोपराजवळपर्यंत लोखंडी खोबळ्यात जातो. मनगट आत बांधल्यासारखं होतं, त्यामुळे वार मनगटातून निघूच शकत नाही. तो खांद्यातून, कमरेतून आणि शेवटी टाचेतून काढावा लागतो. पाय चुकले तर पातं आपल्याच मांडीवर येतं. केरळच्या कळरिपयट्टूतही शिकवण्याचा क्रम असाच आहे. आधी नुसतं शरीर घडवणारी मेय्थारी, मग लाकडाची कोल्थारी, त्यानंतर धातूच्या हत्यारांची अंगथारी आणि शेवटी निःशस्त्र हातांची वेरुम्कै. रिकाम्या हाताने लढणं सगळ्यात अवघड, म्हणून सगळ्यात शेवटी. वडकरा इथे हा वारसा पुढच्या पिढ्यांना देणाऱ्या मीनाक्षी अम्मांना 2017 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचं वय तेव्हा सत्तरीच्या पुढचं होतं.

नवव्या दिवशी काठी आली. तेल पाजलेला भरीव बांबू, तिच्या खांद्याएवढा. काठी फिरायला लागली आणि तिला वाटलं, जमलं! पुढच्या आठवड्यात वस्तादांनी फरीगदगा काढला.

फरी म्हणजे चामड्याची छोटी ढाल आणि गदगा म्हणजे चामडं चढवलेली काठी. एकीकडे ती, समोर तिच्याच मुलीएवढी, पण तीन वर्षं तालमीत मुरलेली पोरगी. वारांची नावं ठरलेली: शिर म्हणजे डोक्यावर, तमाचा एका गालफडाकडे, बाहेरा दुसऱ्या बाजूने. पहिला वार शिराचा आला आणि तिने डोळे मिटले. दुसरा आला, पुन्हा मिटले. गदगा खांद्यावर बसला. जखम होत नाही, पण चांगला झणझणतो. पोरगी कळवळून म्हणाली, "काकू, लागलं का हो?" वस्ताद बाजूने मोजत होते. किती वार आले हे नव्हे, तर किती वेळा पापणी मिटली हे. त्या दिवशीचा हिशेब होता 20 वारांत 17. पापणी उघडी राहायला तिला जवळजवळ तीन आठवडे लागले. काठीचे सगळे हात शिकायला लागला त्याहून हा वेळ तिला जास्त मोलाचा वाटतो. रंकाळ्याच्या गल्लीत तिचं गोठलं होतं ते हेच. वार येतोय हे दिसत असूनही शरीराने त्याची दखलच घेतली नव्हती. घाबरल्यावर बोटांची नाजूक कसरत आठवत नाही. हजारदा घोटलेली मोठी, साधी हालचाल तेवढी होते. मार खाण्याची थोडी सवय असली तर तीही लवकर होते.

शिवजयंतीच्या मिरवणुकीत लोक टाळ्या कशाला देतात? पेटत्या बनेटीला, दोन्ही हातांतल्या काठ्यांच्या भिंगरीला, डोळे बांधून पट्ट्याने कापलेल्या लिंबाला. 2020 च्या जुलैमध्ये पुण्याच्या रस्त्यावर दोन काठ्या फिरवणाऱ्या 85 वर्षांच्या शांताबाई पवारांचं चित्रीकरण देशभर पाहिलं गेलं. टाळेबंदीत घर चालवण्यासाठी त्या लहानपणी शिकलेली कला घेऊन उतरल्या होत्या. त्या मनगटांना दाद द्यावीच लागते. पण अरुंद बोळात काठी फिरवायला गेलं तर ती भिंतीवर आपटते, हे सांगायला वस्ताद कचरत नाहीत. म्हणून त्यांचा गुरुवारचा तास वेगळा असतो.

गुरुवारी दोन बाकांमधल्या हातभर जागेत उभं करतात. हातात छत्री, केरसुणी, गुंडाळलेलं वर्तमानपत्र, जे मिळेल ते. फिरवायचं नाही, दोन्ही हातांनी धरून टोक समोरच्याच्या छातीकडे रोखायचं. काठी हातभर पुढे असली की त्याचा हात आपल्यापर्यंत पोचत नाही, इतका साधा हिशेब. मनगट कुणी पकडलं तर ओढाताण करायची नाही. पकडणाऱ्याचा अंगठा आणि बोटं जिथे मिळतात तिथेच पकड कच्ची असते. कोपर पुढे घालून त्या फटीकडे मनगट वळवायचं. तिने पहिल्यांदा हे केलं तेव्हा रोज पोती उचलणाऱ्या एका तरण्या पोराच्या मुठीतून हात सुटला आणि तो स्वतःच चकित झाला. शेवटची दहा मिनिटं ओरडण्याची. "मागं सर!" बेंबीच्या देठापासून. गृहिणींना सगळ्यात जड जातं ते हेच. तिचा पहिला आवाज तर शेजारच्या बाईला साखर मागावी तसा निघाला होता.

पुढच्या जुलैत, लक्ष्मीपुरीतून ती रात्री साडेआठला परतत होती. पाऊस, वीज गेलेली, दुकानांची शटरं खाली. बोळाच्या मध्यावर एक माणूस भिंतीपासून सुटून तिच्याकडे आला. दारूचा भपकारा आला. काहीतरी पुटपुटत त्याने पिशवीला हात घातला. नंतर तिने आठवून पाहिलं तेव्हा क्रम असा लागला: डावा पाय बाजूला गेला, पाठ शटरला लागली, पिशवी हातातून सुटली, छत्री मिटलेली दोन्ही हातांत होती आणि टोक त्याच्या छातीवर टेकलं होतं. मग आवाज आला, "मागं सर!" तो तिचाच होता, हे तिला दोन क्षणांनी कळलं. माणसाने छत्री धरून हिसका दिला, एक काडी वाकली. वरच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी उघडली. तो शिवी देऊन निघून गेला. तिने एकही फटका मारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तालमीत तिने सगळं रंगवून सांगितलं. पोरींनी शिट्ट्या मारल्या. वस्तादांनी एकच विचारलं, "पाठीमागं वाट मोकळी हुती का?" होती. "मग पळाला का न्हाईसा?" तिला राग आला. घरी जाऊन विचार केल्यावर त्यांचं खरं वाटलं. पिशवी तर सोडलेलीच होती, मग भांडण कशासाठी?

कायदाही जवळपास तेच सांगतो. भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 स्वसंरक्षणाच्या हक्काची आहेत. अंगावर येणाऱ्याला रोखण्याचा हक्क आहे, गंभीर हल्ल्यात तो फार लांबवर जातो. पण बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही, ही अट कलम 37 मध्ये आहे. पडलेल्या माणसावर चार काठ्या जास्त हाणल्या तर ती शौर्यकथा राहत नाही. वस्ताद हे कलमांच्या भाषेत सांगत नाहीत. ते म्हणतात, "त्यो थांबला की तुमी बी थांबायचं."

एक गोष्ट मात्र तालमीत शिकवली जात नाही, आणि ती सांगायला हवी. बलात्काराच्या बहुसंख्य प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं दाखवतात. ओळखीच्या माणसावर छत्री रोखायला हात धजत नाही. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत सुमारे 900 विद्यार्थिनींवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. 12 तासांच्या प्रशिक्षणात मुलींना धोका ओळखणं, ओळखीच्यालाही ठाम नकार देणं आणि शेवटी अंगाने प्रतिकार करणं शिकवलं होतं. वर्षभरात बलात्काराला बळी पडलेल्यांचं प्रमाण प्रशिक्षण घेतलेल्यांत 5.2 टक्के, तर नुसती माहितीपत्रकं मिळालेल्यांत 9.8 टक्के निघालं. तिने हे वस्तादांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "त्ये तुमीच शिकवा पोरींना. माझ्यापुढं त्या बोलायच्या न्हाईत." आता गुरुवारच्या तासानंतर पोरी तिच्याभोवती पायरीवर बसतात.

मुलीला अशा वर्गात घालणाऱ्या आईबापांना एवढंच सांगणं आहे. मिरवणुकीतलं प्रात्यक्षिक पाहून भुलू नका. समोर जोडीदार उभा करून सराव होतो का, पोरींना मोठ्याने ओरडायला लावतात का, पळायचं कधी हे सांगतात का, एवढं विचारा. आणि आयांनो, तासभर पायरीवर बसून राहू नका. रांगेत मागे अजून जागा आहे.